दोन लेकरं, एक आजी आणि सिंगापूरच्या पाच रात्री

मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलंय. दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायको, सासूबाई, सहा वर्षांची मुलगी आणि तेवीस महिन्यांचा मुलगा असे पाच जण पाच रात्रींसाठी सिंगापूरला जाणार आहेत. घरातलं कुणीच याआधी देशाबाहेर गेलेलं नाही. मुलाचा दुसरा वाढदिवस नेमका सहलीच्या तिसऱ्या दिवशी येतोय. सोबत ठिकाणांची यादी जोडली आहे, ती चौदा ठिकाणांची, आणि त्यात एक दिवस मलेशियाचासुद्धा आहे. त्यांचा प्रश्न असा: मुलांना हे झेपेल का, आणि काय काय बरोबर घ्यावं?

ताई, मी गेली बावीस वर्षं बडोद्यात सहली आखून देते. त्यातली बहुतेक कुटुंबं लहान मुलांची. म्हणून स्पष्टच सांगते, ही यादी झेपणार नाही. मुलांनाच काय, तुम्हा दोघांनाही नाही. मलेशिया आजच काढून टाका. सीमेवर जाताना-येताना दोन्ही देशांच्या खिडक्यांसमोर रांगेत उभं राहायचं, बॅगा उतरवायच्या-चढवायच्या, आणि कडेवर दोन वर्षांचं मूल. उरलेल्या तेरापैकी सहा ठेवा. कुठली सहा ते पुढे सांगते, कारण आधी तिकिटाचं बोलायला हवं. तिथे चूक झाली तर ती विमानतळावर कळते.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं आणि त्याचं भाडं मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्के असतं. पण दुसरा वाढदिवस झाला की त्याला स्वतःची सीट लागते, आणि हे वय त्या-त्या उड्डाणाच्या दिवशी मोजतात. तुमचा मुलगा जाताना मांडीवर चालेल, येताना चालणार नाही. माझ्याकडे एक कुटुंब असं आलं होतं की ज्यांनी दुसरीकडून दोन्ही बाजूंचं मांडीवरचं तिकीट काढलं होतं. परतीच्या काउंटरवर पासपोर्टावरची जन्मतारीख बघून त्यांना थांबवलं. तिथल्या तिथे एका सीटचे पैसे भरावे लागले, आणि सीटही मिळाली ती आईपासून चार रांगा लांब. तुम्ही दोन्ही बाजूंना सीटच घ्या. पैसे जास्त जातील हे मला कळतं. पण रात्रीचा प्रवास आहे, आणि बारा किलोचं झोपलेलं मूल साडेपाच तास मांडीवर घेऊन बसलेली आई दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाची राहत नाही.

तारखांबद्दल एक सुचवते. आपल्याकडे पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत दुकानं बंद, त्यामुळे अर्धा गुजरात त्याच आठवड्यात बाहेर पडतो आणि भाडी चढतात. शाळेला एकवीस दिवस सुट्टी आहे. वाढदिवस त्या गर्दीतच येत नसेल तर भाऊबीज घरी करा, लाभपंचमी होऊ द्या आणि मग निघा. भाड्यातला फरक तुम्हालाच दिसेल, आणि जिथे जाल तिथल्या रांगाही कमी झालेल्या असतील.

आता पासपोर्ट. मुलाचा अजून काढला नसेल तर याच आठवड्यात अर्ज करा. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांचं नेहमीचं दुखणं या दाखल्यातच असतं. महापालिकेच्या दाखल्यावर आईच्या नावाला ‘बेन’ आणि बापाच्या नावाला ‘भाई’ लागलेलं असतं, आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टावर ते नसतं. कधी आडनाव आधी, कधी शेवटी. कधी दाखला बारशाआधी काढलेला असतो आणि बाळाच्या नावाची जागाच रिकामी. कपाटातून तो कागद काढा, दोघांच्या पासपोर्टाशेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. दुरुस्ती लागली तर आधी महापालिकेत, मग पासपोर्ट. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो बरोबर न्यावा लागतो. आई-बापांनी सही करायचं परिशिष्ट ‘डी’ असतं, ते घरूनच भरून न्या. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो, तेव्हा मुलीचा बाळपणी काढलेला असेल तर त्याचीही तारीख बघा. प्रवासाच्या दिवशी प्रत्येकाच्या पासपोर्टाचे सहा महिने शिल्लक असायला हवेत.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत होतो, प्रवासाच्या आधीच्या तीस दिवसांत, आणि मुलांनाही वेगवेगळा लागतो. त्याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधीचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी पानं इंटरनेटवर पुष्कळ आहेत, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.

आता ज्यावर सगळी सहल उभी राहते ते घड्याळ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मोठ्या माणसाला हे काहीच वाटत नाही, पण मुलाचं शरीर बडोद्याच्याच वेळेवर चालत राहतं, निदान पहिले तीन दिवस. घरी मुलं सात वाजता उठत असतील तर तिथे साडेनऊला उठतील. घरी नऊला झोपत असतील तर तिथे साडेअकराला. सहलीची छापील वेळापत्रकं मात्र ‘सकाळी आठ वाजता लॉबीत जमायचं’ अशीच असतात. तिथले आठ म्हणजे तुमच्या मुलाचे पहाटेचे साडेपाच. त्या वेळी उठवलेलं मूल रडतं, नाश्ता खात नाही, अकराला भुकेनं पुन्हा रडतं, आणि सगळे म्हणतात पोरगं किती किरकिरं आहे. पोराचा काय दोष?

हेच घड्याळ संध्याकाळी तुमच्या बाजूचं होतं. नाइट सफारी, म्हणजे रात्री बघायचं प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी सव्वासातला उघडते, तेव्हा मुलाच्या अंगात पावणेपाच वाजलेले असतात. गार्डन्स बाय द बेमधल्या त्या उंच लोखंडी झाडांवरचा दिव्यांचा आणि गाण्यांचा खेळ पावणेआठला आणि पुन्हा पावणेनऊला असतो. तोही मुलासाठी सव्वापाच आणि सव्वासहाचा. दुपारची झोप झालेली असेल तर त्या वेळी मुलं अगदी ताजी असतात. तेव्हा तुमचा दिवस असा ठेवा: दहा-साडेदहाला बाहेर, एक-दीडपर्यंत एकच ठिकाण, जेवण, मग खोलीवर झोप, आणि पाचनंतर दुसरं काहीतरी. दुपारी खोलीवर जायला आणखी एक कारण आहे. सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर गडगडाट करून धो धो पाऊस येतो आणि तास-दीड तासात थांबतो. तो पाऊस खिडकीतून बघावा.

दुपारच्या झोपेला लोक ‘वेळ वाया’ म्हणतात. नवरेमंडळी जास्त म्हणतात, कारण पैशांचा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की झोप न झालेल्या मुलाला घेऊन काढलेली संध्याकाळ ही खरी वाया गेलेली असते, तिचं तिकीट कितीही महाग असो.

पहिला दिवस वेगळा सांगते, कारण बहुतेकांचा तोच बिघडतो. अहमदाबादहून थेट विमान साधारण साडेपाच तासांचं, रात्री निघून सकाळी तिकडे उतरणारं. तुम्ही सात-साडेसातला बाहेर येता तेव्हा मुलांचे पहाटेचे पाच असतात आणि रात्रभराची झोप तुटलेली. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधले सात तास काय करणार? बरेच जण याच वेळात शहर बघून घेतात आणि संध्याकाळपर्यंत एका मुलाला ताप भरतो. माझा सल्ला: खोली आदल्या रात्रीपासून घ्या. एका रात्रीचे पैसे जास्त जातील, पण या सहलीत त्याहून कामाला येणारे पैसे दुसरे नाहीत. ते शक्य नसेल तर हॉटेलला आधी लिहून लवकर खोली मागा, आणि नाहीच मिळाली तर विमानतळाला लागूनच ज्वेल म्हणून इमारत आहे, तिच्यात छतातून कोसळणारा चाळीस मीटरचा धबधबा आहे. तिथे निवांत नाश्ता करा, मुलांना बसू-लोळू द्या. पहिल्या दिवशी तिकीट लागणारं एकही ठिकाण ठेवू नका.

अहमदाबादला पोहोचण्याचंही धरा. बडोद्याहून एक्स्प्रेसवेने विमानतळ दोन-सव्वादोन तास, आणि विमानाच्या तीन तास आधी तिथे असायला हवं. म्हणजे घरून पाचच्या सुमारास निघावं लागेल. मुलांचं जेवण गाडीतच उरका. थर्मासमध्ये मऊ वरण-भात तूप घालून नेला की काम होतं. विमानात जेवण आलं म्हणून झोपलेल्या मुलाला उठवू नका. उतरताना मात्र अर्धा तास आधी हळूच जागं करा, कारण कानात दडा बसून दुखतो तो तेव्हाच. धाकट्याला घोट घोट पाणी किंवा दूध द्या. मुलीला लिमलेटची गोळी चालेल, पण च्युइंगगम नको. सिंगापुरात 1992 पासून ते आणायलाच बंदी आहे. आणि कुणी सांगेल की झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप द्या. देऊ नका. काही मुलं त्यानं झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि विमानात श्वासाचा त्रास झाला तर काय करणार?

आता ठिकाणं. मी असते तर ही सहा ठेवली असती.

पहिल्या संध्याकाळी सेरंगून रोड. तिथला लिटिल इंडिया दिवाळीच्या आगेमागे काही आठवडे दिव्यांनी सजलेला असतो. वीरमाकालीअम्मनचं देऊळ आहे, हार-फुलांची दुकानं आहेत, आणि 1947 पासूनचं कोमल विलास हे शाकाहारी हॉटेल आहे. इडली-डोसा बघितला की मुलं निर्धास्त होतात, आणि आजी तर नक्कीच. राहायलाही तोच भाग किंवा शेजारचा फॅरर पार्क निवडा. मरीना बेजवळची खोली फोटोत छान दिसते, पण रात्री नऊला मूल ‘दहीभात’ म्हणून अडून बसलं की पायी पाच मिनिटांवर दहीभात मिळायला हवा.

दुसऱ्या दिवशी मंडाईचं प्राणिसंग्रहालय. ते 1973 पासून आहे. तिथे पिंजरे-गज फारसे दिसत नाहीत, मध्ये पाण्याचे चर आणि झाडं आहेत. ओरांगउटान डोक्यावरून फांद्याफांद्यांनी जातात. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण वयासाठी पासपोर्टाची प्रत जवळ ठेवा. आत ट्राम फिरते, आजींना तीच बरी. सगळं बघायचा हट्ट नको. शेवटी लहान मुलांसाठी पाण्यात खेळायची जागा आहे, तिथे तासभर द्या आणि कोरडे कपडे बरोबर ठेवा. नाइट सफारी त्याच आवारात आहे म्हणून लोक दोन्ही एकाच दिवशी करतात. तुम्ही करू नका. नाइट सफारी नंतरच्या एखाद्या रात्री स्वतंत्र ठेवा, दुपारी दोन्ही मुलांना झोपवून.

वाढदिवसाच्या दिवशी बोटॅनिक गार्डन. ही बाग 1859 मधली आहे, 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली, आणि प्रवेश फुकट आहे. तिच्यातच जेकब बॅलस नावाची मुलांची वेगळी बाग आहे, तीही फुकट. तिथला नियम मला फार आवडतो: बरोबर मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. मागे एकदा मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते, तेव्हा ती अडीच वर्षांची. जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांपाशी ती आधी माझा पदर धरून उभी राहिली. मग एका कारंज्यावर तळवा ठेवला. पाणी थांबलं असं वाटून तिनं हात काढला, तर पाणी पुन्हा वर. पाऊण तास ती तेच करत होती, हात ठेव, हात काढ. आमच्या यादीत त्या दिवशी आणखी तीन ठिकाणं होती. एकही झालं नाही. आज ती कॉलेजात आहे आणि सिंगापूर म्हटलं की आमच्या घरात सगळे त्या कारंज्याचीच आठवण काढतात. ही मुलांची बाग सोमवारी बंद असते, वार बघून ठेवा.

गार्डन्स बाय द बे संध्याकाळचं. काचेच्या दोन घुमटांपैकी ज्यात धबधबा आहे तो घ्या, दोन्ही नकोत. आत गार असतं, मुलांना पातळ जॅकेट घाला. मग बाहेर हिरवळीवर चादर अंथरून दिव्यांचा खेळ, तो फुकट आहे. पाचवं नाइट सफारी. सहावी अर्धा दिवस सेंटोसा बेटावरची वाळू. हार्बरफ्रंटहून छोटी रेल्वे जाते, बादली-फावडं घेऊन जा, दुसरं काही लागत नाही.

युनिव्हर्सल स्टुडिओ मी मुद्दाम काढलंय. मुलगी यासाठी रुसेल हे मला माहीत आहे. पण सहा वर्षांची मुलगी साधारण एकशे पंधरा सेंटिमीटर असते, आणि मोठ्या राइडना 122, 125 अशी उंचीची अट आहे. जे बघायचं म्हणून ती हट्ट करतेय, त्याच्याच दारात मोजपट्टीशी उभी करून तिला परत पाठवतील. दाराशी रडवण्यापेक्षा आत्ता घरीच भिंतीवर उंची मोजा, रेघ मारा आणि सांगा की या रेघेवर गेलीस की जाऊ. मत्स्यालय, केबल कार, नदीतली बोट हे राखीव ठेवा. दुपारचा पाऊस लांबलाच तर मत्स्यालय.

निघण्याआधी एक रविवार कमाटीबागेत काढा. गंमत म्हणून सांगत नाही, तो सराव आहे. जी ढकलगाडी न्यायची तीच घ्या, जी पाठपिशवी न्यायची तीच भरा, सकाळी दहाला निघा. मुलगी न कुरकुरता किती चालते, धाकटा गाडीत किती वेळ टिकतो, आजींना किती वेळानं बसावंसं वाटतं, पिशवीतलं काय लागलं आणि काय नुसतंच वाहिलं, सगळं एका सकाळी कळेल. बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे तोही दाखवा. माझ्याकडच्या एका मुलानं तिथे बरगड्या मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. त्याच्या आईला तिथेच कळलं की हा एका ठिकाणी अर्धा तास थांबणारा मुलगा आहे. आम्ही त्याच्या यादीतली चार ठिकाणं त्याच दिवशी कमी केली.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, ‘मुलांना सांभाळायला त्याही आहेत.’ ताई, राग मानू नका, पण त्यांचीही ही पहिलीच परदेशवारी आहे. त्यांना मदतनीस धरून बेत आखला तर त्या पाच दिवस ढकलगाडी धरून बाकावर बसतील, आणि कुणाला काही बोलणारही नाहीत. एक सकाळ त्यांची ठेवा. देवळात निवांत बसायचं, फुलांची दुकानं बघायची, ऑर्किडची बाग बघायची असेल, त्यांना विचारा. त्या वेळी दोन्ही मुलं तुम्ही दोघांनी सांभाळा. गुडघे दुखत असतील तर विमानतळावरच्या व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा, शरमण्यासारखं त्यात काही नाही. प्रवासविमा पाचही जणांचा काढा. आजींना बीपी-शुगर असेल तर ते फॉर्मवर खरं लिहा, लपवलं की क्लेम अडकतो. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत नाही.

मुलांची औषधं तुमच्या डॉक्टरांकडून दोन आठवडे आधी लिहून घ्या. यात एक चूक मी वारंवार बघते. तापाचं पॅरासिटामॉल सिरप आपल्याकडे पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असंही मिळतं आणि 250 असंही. घरात एक असतं, प्रवासासाठी दुसरंच विकत घेतलं जातं, आणि रात्री दोनला आजी ‘नेहमीचं एक झाकण’ देतात. डोस दुप्पट झाला! मुलाच्या आजच्या वजनावर डॉक्टरांनी दिलेला आकडा पट्टीवर लिहून बाटलीलाच चिकटवा, दोन मुलांच्या दोन पट्ट्या. ओआरएसची छोटी, दोनशे मिलिलिटरची पाकिटं घ्या. लिटरचं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकलं की प्रमाण बिघडतं. सिंगापुरात नळाचं पाणी थेट पिता येतं, त्यामुळे ते कालवायला अडचण नाही. डेंग्यू तिथेही आहे, डासांचं मलम ठेवा. आणि रुग्णवाहिकेचा नंबर 995, पोलिसांचा 999, दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये आजच भरा.

फिरायला मेट्रो उत्तम. सगळीकडे लिफ्ट आहे, आणि आपलं बँकेचं टॅप करायचं आंतरराष्ट्रीय कार्ड फाटकावर चालतं. डब्यात खाणं-पिणं मना आहे, दंड पाचशे डॉलरपर्यंत, मुलांची बाटली-बिस्किटं स्टेशनाबाहेरच. ॲपवर बोलावलेल्या खासगी गाडीत 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला लहान मुलांची सीट लागतेच, साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. त्यामुळे ॲपवरची गाडी येते, मुलं बघते आणि निघून जाते, असं होतं. मुलांची सीट असलेली गाडी निवडा किंवा टॅक्सी करा. विमानतळावरून पाच जण आणि बॅगा साध्या टॅक्सीत मावणार नाहीत, मोठी गाडी आधीच सांगून ठेवा.

मूल हरवण्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मनात असणारच. रोज सकाळी निघताना दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. खिशात चिठ्ठी, तिच्यावर 91 लावून तुमचा नंबर आणि हॉटेलचं नाव. मुलीला दोन नियम घरीच पाठ करून घ्या. आई-बाबा दिसेनासे झाले तर शोधायला जायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं. आणि मेट्रोचं दार लागलं, ती आत आणि आपण बाहेर राहिलो, तर तिनं पुढच्याच स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं, आपण मागच्या गाडीनं येतो. तीच बाहेर राहिली तर तिनं हलायचं नाही, आपण परत येतो. दिवाणखान्यात खुर्च्यांची गाडी करून हे तीन-चारदा खेळा. सहा वर्षांच्या मुलाला खेळलेलं आठवतं, ऐकलेलं नाही.

खाण्याचं फार ओझं नेऊ नका. खाखरे, थोडे ठेपले पहिल्या दोन दिवसांपुरते, मेतकूट, धाकट्याला रोजची पेज लागत असेल तर तिचं पीठ, बास. पण दिवाळीचा फराळ भरताना एक नीट ऐका: खसखस नको. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. म्हणजे अनारसे घरीच, आणि करंज्यांच्या सारणात खसखस भाजून घातली असेल तर त्याही घरीच. चकली, शेव, बेसनाचे लाडू न्या. सासूबाईंना हे फराळ करायच्या आधी सांगा, डबा भरल्यावर नको.

आणि वाढदिवस. आजी नातवाचं औक्षण करणारच, करावंच. पण हॉटेलच्या खोलीत छताला धुराची घंटा असते, आणि निरांजनाच्या वातीनं ती वाजली तर सगळा मजला बाहेर येतो. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी घ्या. निरांजन तुपाची वात घालून तयार ठेवा, पण पेटवू नका, तसंच ओवाळा. बेसनाचा एक लाडू त्या दिवसासाठी वेगळ्या डबीत. मग दहाला बोटॅनिक गार्डनची मेट्रो पकडा, स्टेशन बागेच्या दारातच आहे, आणि धाकट्याचे कोरडे कपडे दोन जोड घ्या.